अर्थशास्त्राचा रोजच्या जगण्यात खरंच काही उपयोग होतो का? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की बी.ए.ला अर्थशास्त्र आहे, मागणी-पुरवठा पाठ झालाय, पण घरात त्याचा उपयोग काय ते दिसत नाही. मला दिसला होता आणि घरात कोणी ऐकलं नाही, म्हणून एवढं लिहायलेय.

आम्ही औसा तालुक्यातले. २०२२ च्या दिवाळीत घरात ४० क्विंटल सोयाबीन आलं. बैठकीत भिंतीला लावून छतापर्यंत कट्टे, म्हणजे भरलेली पोती, खालच्या थरात उंदीर, पाहुणा आला तर कट्ट्यावरच बसायचा. लातूरला तेव्हा क्विंटलला ५४०० मिळत होते. मी म्हणलं विकून टाकू. दादा म्हणला, "कशाला घाई करायलीस? दहा हजारानं जाईल."

कारण सगळ्यांच्या डोक्यात २०२१ चा ऑगस्ट बसलेला, लातूरला भाव दहा हजाराच्या वर गेला होता. पण त्या ऑगस्टमध्ये विकायला माल होता कोणाकडं? आमच्याकडं एक कट्टा नव्हता. माल संपला होता म्हणून तर भाव चढला, आणि नवीन माल निघाल्यावर ऑक्टोबरात जवळपास निम्म्यावर आला. त्यात मे २०२२ मध्ये केंद्रानं कच्चं सोयाबीन तेल आणि सूर्यफूल तेल वर्षाला प्रत्येकी २० लाख टन, दोन वर्षं, ड्युटी न लावता आणायला परवानगी दिलेली. बाहेरचं तेल स्वस्तात यायलंय तर ऑइल मिलवाला आपल्या सोयाबीनला जास्त कशाला देईल? हे सांगितलं तर दादा म्हणला, "तुझं पुस्तक पुस्तकात ठेव."

बरं, भाव कुठं जाणार हे मलाही नक्की माहीत नव्हतं. माझं म्हणणं वेगळंच होतं. आडतीची, म्हणजे माल विकून देणाऱ्या आडत्याकडून आधीच घेतलेली १ लाख २० हजार उचल होती, शेकडा दोननं, म्हणजे महिन्याला २४०० रुपये. घरात दोन लाखाचा माल पडून आणि आपण व्याज भरायलोत! तोच माल विकून उचल फिटली असती. पुस्तकात याला संधी खर्च म्हणतात, पैसा एका जागी अडकला की दुसरीकडं जे हातचं जातं ते. दादाला वाटायचं घरात ठेवायला काय पैसे लागतात.

जून २०२३ ला पेरणीसाठी विकावंच लागलं. वाळून आणि उंदरांनी खाऊन ३९ क्विंटल भरलं, भाव ४८००. पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, माझ्याकडं अजून आहे, १ लाख ८७ हजार २००. नोव्हेंबरात २ लाख १६ हजार आले असते. फरक २८,८००, वर सात महिन्यांचं व्याज १६,८००. ४५,६०० रुपये गेले. आणि थांबायचंच होतं तर बाजार समितीत शेतमाल तारण योजना आहे, माल त्यांच्या गोदामात ठेवायचा आणि त्यावर सोयाबीनच्या किमतीच्या ७५ टक्के कर्ज मिळते, वर्षाला ६ टक्के व्याजानं, सहा महिने. तिथून पैसे उचलून आडत फेडली असती तर २४०० च्या जागी महिन्याला ६०० पडले असते, आणि माल गोदामात राहिला असता. मी तेव्हाच म्हणले होते. "कागदं कोण करत बसणार" म्हणून विषय बंद.

सुरुवात म्हणाल तर अकरावी-बारावीची बोर्डाची पुस्तकं बास आहेत, मराठीत आहेत, फुकट डाउनलोड होतात. वाचताना प्रत्येक धड्याला घरातलाच एखादा व्यवहार लावून आकडे मांडा, किराणा, भिशी, सोनं, काहीही. आकडे न मांडता वाचाल तर पाठच होईल नुसतं. महागाई, बँका, बजेट वगैरे नंतर.

आता दादाची बाजू पण सांगते. माल ठेवणं दरवेळी चुकीचं नसतं. आदल्या वर्षीचं सोयाबीन आम्ही एप्रिल २०२२ पर्यंत ठेवलं होतं आणि सात हजारानं गेलं, अजून तो तेच सांगतो सगळ्यांना. पण त्या वर्षी आमच्यावर आडतीची एक रुपयाही उचल नव्हती, हे सांगत नाही.