फाइनमन वाचून अभ्यासावरचं उडालेलं मन परत येतं का?

तुझा प्रश्न असा की मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहेस, अभ्यासावरून मन पार उडालंय, जो तो म्हणतो फाइनमन (अमेरिकन फिजिसिस्ट) वाच, तर वाचून खरंच काही फरक पडतो का. माझ्या बाबतीत पडला, पण लोक सांगतात तसा नाही. (सरळ तू म्हणतोय, माझ्या पुतण्याच्या वयाचा असशील.)

2010 साली मला वायडी (इयर डाउन, म्हणजे वर्ष वाया) लागला होता. एम-थ्री (इंजिनियरिंगचं तिसरं गणित) धरून इतके विषय उडाले की बरोबरची सगळी पोरं टीईला (तिसऱ्या वर्षाला) गेली आणि मी नारायण पेठेत कॉट बेसिसच्या खोलीवर पंख्याकडे बघत पडलेलो, घरी अर्थातच थाप मारलेली. एकदा अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं विकायला गेलो, तर त्या गठ्ठ्यांमध्ये 'शुअर्ली यू आर जोकिंग, मिस्टर फाइनमन' दिसलं. नावावरून विनोदी पुस्तक वाटलं म्हणून घेतलं, खोटं कशाला बोलू.

त्यात एक प्रकरण आहे. दुसरं महायुद्ध संपलंय, अणुबॉम्बच्या कामावरून फाइनमन कॉर्नेल युनिव्हर्सिटीत शिकवायला आलाय, बायको आर्लिन 1945 च्या जूनमध्ये टीबीने गेलेली, आणि याच्या डोक्यात काही म्हणजे काही सुचत नाहीये. ज्याला नंतर 1965 ला नोबेल मिळालं तो माणूस चक्क सांगतोय की मला वाटलं आपण संपलो. मग तो ठरवतो की जाऊ दे, महत्त्वाचं वगैरे काही करायचं नाही, मजा येईल तेवढंच फिजिक्स करायचं. थोड्या दिवसांनी कॅफेटेरियात कुणीतरी टवाळकी करत प्लेट हवेत उडवतो, प्लेट डुलतेय आणि तिच्यावरचं कॉर्नेलचं लाल चिन्ह गोल फिरतंय, आणि हा बघतो की दोन्हींचा वेग सारखा नाहीये. बसतो गणित करायला. तिथला हान्स बेथेसारखा मोठा फिजिसिस्ट विचारतो, याचं महत्त्व काय? हा म्हणतो, काहीच नाही, मजा म्हणून करतोय. त्याचं म्हणणं असं की नोबेलचं काम त्या प्लेटशी खेळण्यातूनच पुढे निघालं.

मला प्रेरणाबिरणा काही आली नाही. मला वाटलं, करून बघू.

मेसच्या काकूंचं स्टीलचं ताट रात्रीच्या जेवणानंतर धुऊन घेतलं आणि मागच्या बोळात उडवायला लागलो. पहिल्याच फेकीत असा आवाज झाला की काकू बाहेर आल्या, म्हणाल्या पोचा पडला तर महिन्याच्या पैशात लावीन. नुसत्या डोळ्यांना काही कळत नव्हतं, ताट फिरतंय, डुलतंय, खाली आलं, संपलं. पुस्तकात लिहिलंय की प्लेट डुलते त्याच्या दुप्पट वेगाने चिन्ह फिरतं, मी मान डोलावली, आणि पुढची सात वर्षं ज्याला त्याला हेच ऐकवत फिरलो.

2017 ला माझ्या फोनमध्ये स्लो-मोशन आलं. बायकोची मोठी लाल टिकली ताटाच्या कडेला चिकटवली, गादीच्या वर ताट उडवलं, व्हिडिओ सावकाश पुढे सरकवत मोजलं. टिकलीचे दोन फेरे होईपर्यंत ताट चारदा डुललं. परत केलं, तेच. म्हणजे बरोबर उलटं! डुलणं दुप्पट, फिरणं निम्मं. मला वाटलं माझं मोजणं चुकलं, मी कुठे आणि फाइनमन कुठे. पण गणित काढून बसलो तर ताट बरोबर होतं, आठवणीतून सांगताना पुस्तकात ते उलटं झालंय, आणि हे आधीच बऱ्याच जणांनी दाखवून दिलेलं होतं, मलाच माहीत नव्हतं.

आता खरी गंमत ऐक. तो दोनाचा आकडा येतो कुठून? पर्पेंडिक्युलर ॲक्सिस थिअरम! चपट्या गोल तबकडीचा मधल्या अक्षाभोवतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया (म्हणजे वस्तू फिरवायला किती जड जाते ते) हा व्यासाभोवतीच्या मोमेंटच्या दुप्पट, बस, त्यातून ते दोन येतात (ताट थोडंसंच कललेलं असेल तर). हा थिअरम मी बारावीत आकृतीसकट घोकला होता, पूर्ण मार्क पडले होते, आणि रोज दोन वेळा तो माझ्यापुढे वाढलेला असायचा हे मला कधी दिसलं नाही.

त्याच पुस्तकात ब्राझीलचं प्रकरण आहे, ते जरूर वाच. तिथल्या पोरांना पोलराइज्ड लाइटची (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या उजेडाची) व्याख्या धडाधड पाठ, पण फाइनमन म्हणतो खिडकीतून समोरच्या पाण्यावरचा उजेड पोलरॉइडमधून (तसा उजेड गाळणाऱ्या पट्टीतून) बघा, तर सगळे चकित. मी ते मेसमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं होतं आणि आम्ही खूप हसलो होतो. आपल्या क्लासेसचंच वर्णन आहे हे कळायला मला ती टिकली लागली.

आता दुसरी बाजू पण सांगतो. पुस्तकात फुशारकी भरपूर आहे, आणि बायकांबद्दलचे काही किस्से आज वाचवत नाहीत. ते वाचून 'मी पण मजा येईल तेवढंच करणार' म्हणणारी पोरं मी पाहिलीयेत, त्यांना हे दिसत नाही की तो माणूस कागदावर गणितं करून हात काळे करायचा, प्लेट बघून नुसता वा म्हणून उठला नाही.

त्याची लेक्चर्स, म्हणजे 1961 ते 63 मध्ये कॅलटेकला दिलेली, तीन व्हॉल्यूम्स, आता ऑनलाइन फुकट आहेत. पहिल्या पानापासून सुरू करू नकोस, दमशील. पहिल्या व्हॉल्यूमचं चौथं प्रकरण काढ, एनर्जीचं. एका खोडकर पोराचे 28 ठोकळे, आई रोज मोजते, कमी भरले की कधी पेटीचं वजन करते तर कधी टबातल्या गढूळ पाण्याची पातळी बघते, आणि लपलेले धरून बेरीज 28च येते, एनर्जीचंही तसंच. बी.ई. होऊन मला एनर्जी म्हणजे काय ते तिथे कळलं. आणि मराठीतच वाचायचं तर आपल्या जयंत नारळीकरांची पुस्तकं आहेतच. पोरांनी सही मागितली की ते म्हणायचे पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. मी शाळेत असताना नुसती सहीच मागत राहिलो, प्रश्न सुचला नाही.

हां, एम-थ्री दुसऱ्या अटेम्प्टला 43 वर सुटला. त्यात ताटाचा काही हात नाही, एका मित्राने पंधरा दिवस रोज बसवून लाप्लास (त्यातला एक मोठा धडा) करून घेतलं. आज चाकणला बॅलन्सिंगचं (फिरणारे भाग थरथरू नयेत म्हणून तोलायचं) काम करतो, दिवसभर फिरणाऱ्या वस्तूच बघतो. तू करणार असशील तर प्लास्टिकची प्लेट घे, स्टीलचं ताट पायावर पडलं की फार लागतं, आणि टिकली अगदी कडेला लाव, मध्ये लावलीस तर मोजता येत नाही.