जूनच्या आधी प्रत्येक साइट कुठे थांबवायची ते ठरव

बेटा,

तुझा मेसेज वाचला. चंद्रपूरकडचा पूल, भामरागडकडचा रस्ता अन् इथली हिंगण्याची पाण्याची टाकी, तिन्ही एकदम तुझ्याकडे आलं म्हणून तू टेन्शन घेऊन राहिली. माझं ऐकशील तर आधी ऑफिसचा तो बार चार्ट, म्हणजे कामाच्या वेळापत्रकाचा तक्ता, बाजूला ठेव, त्यात बारा महिने सारखेच धरलेत अन् विदर्भात वर्ष तसं नसतं, पावसाळ्यात माती अन् डांबर बंद, मेमध्ये दुपार बंद. पाऊस आपल्याकडे जूनच्या मध्यात येतो, तोवर कोणतं काम कुठवर आणून बिनधोक थांबवता येईल एवढंच आधी ठरव.

पुलाचा पाया अन् पिअर, म्हणजे पुलाचे खांब, पूररेषेच्या वर निघालाच पाहिजे, अर्धवट खड्डा नदीच्या हाती गेला की दिवाळीनंतर गाळ काढण्यापासून सुरुवात. म्हणून एप्रिल-मेमध्ये तुझा जास्तीत जास्त वेळ पुलाला दे, टाकी थांबू शकते. रस्त्यावर काळी माती लागली तर जेवढं मुरमाने झाकता येईल तेवढंच उघडं कर, कारण ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, अन् नाल्या आधी मोकळ्या करून घे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो, डिझेल अन् मशीनचे पार्ट मे संपायच्या आत पोचव.

आता काँक्रीट. 2013 च्या मेमध्ये नागपुरात पारा 47.9 वर गेला होता, अशा उन्हात ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे काँक्रीट आणणारा फिरत्या ड्रमचा ट्रक, आला की ड्रायव्हर वरून पाणी टाकायला निघतो, ते अजिबात होऊ देऊ नको, ताकद तिथेच जाते. गिट्टी सावलीत ठेव, पाण्यात बर्फ टाक, स्लॅब रात्री ओत, ओतताना काँक्रीट 40 अंशांच्या खाली असलं पाहिजे. कोरड्या उन्हात क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, किमान 10 दिवस, पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर 14, गोणपाट सतत ओलं. पण मेमध्ये गावालाच पाणी नसतं, म्हणून टँकर फेब्रुवारीतच बोलून ठेव, अन् क्युरिंगचं पाणी पक्कं नसेल तर ओतूच नको, कोणी कितीही घाई केली तरी.

मजुरांचं सगळ्यात महत्त्वाचं. 12 ते 4 काम बंद म्हणजे बंद, सावली, ओआरएस, थंड पाणी साइटवर हवंच. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, तर थोडं बरं वाटेल म्हणून थांबू नको, सावलीत ने, अंगावर पाणी ओत अन् सरळ दवाखान्यात. गडचिरोलीतले बरेच लोक मेमध्ये तेंदूपत्त्याला जातात, जूनमध्ये धानाला, त्यांच्या घरचा पैसा आहे तो, त्यावर चिडायचं नाही, तेव्हा मशीनची कामं लाव.

रविवारी घरी ये, तिन्ही साइटच्या लेव्हल अन् टँकरवाल्यांचे भाव घेऊन ये, बसून तारखा टाकू.