भाचा घरी आलाय, आता बहिणीकडे बघा

ताई, तुमचा नऊ वर्षांचा भाचा डोक्याला मार लागून तीन आठवडे दवाखान्यात होता. आता चालतो-बोलतो, पण जरा काही झालं की वस्तू फेकतो आणि बहीण तुमचा फोन उचलत नाही. जाऊन राहू का, असं विचारलंय तुम्ही. जा, पण पाहुणी म्हणून नको.

माझी लेक आठ वर्षांची असताना आम्ही यातून गेलो. सगळ्यात टोचायचं ते "अगदी पहिल्यासारखी दिसते गं" हे वाक्य. दिसायची खरी. पण एक बूट घालून झाला की दुसरा हातात धरून बसून राहायची, पुढचं सुचायचंच नाही. लोकांना तो हट्ट वाटायचा. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की काम सुरू करणं, राग आवरणं हेच अडतं. थकवा तर विचारू नका. मिक्सर, टीव्ही आणि चार जणांच्या गप्पा एकदम सुरू झाल्या की कान झाकून रडायला लागायची.

म्हणून आधी दार सांभाळा. एका वेळी दोघंच, पंधरा मिनिटं. आमच्याकडे हे मोठ्या जाऊबाईंनी केलं, वाईटपणाही त्यांनीच घेतला.

"काही लागलं तर सांग" म्हणू नका, तेवढं सांगायचंही त्राण नसतं. "मंगळवारी थेरपीला मी नेते" म्हणा. एक वही घाला: झोप, डोकेदुखी, कशावरून चिडला, झटका आला का. ओपीडीत आईला ऐनवेळी काही आठवत नाही. फिटच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही बंद करू नका.

धाकटी भाची आहे म्हणालात, तिला रोज तासभर बाहेर न्या. माझ्या मुलानं एकदा विचारलं होतं, "मीपण पडू का?"

शाळा अर्ध्या दिवसानं सुरू करायला सांगा आणि सगळे कागद जपा. काही अडचणी वरच्या इयत्तेत गेल्यावर दिसतात. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी बघणाऱ्या सरकारी केंद्रात, 18 वर्षांपर्यंत तपासणी होते, तिथे एकदा जाऊन या. 2016च्या दिव्यांग कायद्यात मेंदूची इजा असा वेगळा प्रकार नाही. मागे काय अडचण उरली त्यावर दिव्यांगत्वाचा दाखला मिळतो. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त भरलं तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

आणि फोनचा राग धरू नका. प्रत्येकाला तीच कहाणी पहिल्यापासून सांगायची म्हणजे जीव जातो. नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी दोन ओळी तुम्हीच टाकत जा, तिला विचारून.