उपवासाने मेंदूतला कचरा निघतो आणि नैराश्य जाते, हे खरे आहे का?

आपला प्रश्न असा आहे: धाकट्या भावाला नैराश्यासाठी सहा महिन्यांपासून एस्सिटालोप्रामची गोळी सुरू आहे, मोबाईलवर आलेल्या एका व्हिडिओत ‘नैराश्य म्हणजे मेंदूची सूज, ती पेशींत साचलेल्या कचऱ्याने येते आणि उपवासाने तो कचरा निघतो’ असे सांगितले आहे, तर गोळी बंद करून उपवास करून पाहावा का? गोळी बंद करू नये, हे आधी सांगतो. व्हिडिओतले सुटे तुकडे मात्र अगदीच खोटे नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो आणि हीच गोळी मी स्वतः सव्वा वर्ष घेतलेली आहे.

‘सूज’ या शब्दाने घोटाळा होतो. मेंदूज्वरात मेंदू सुजतो तसा हा प्रकार नव्हे. येथे अभिप्रेत आहे तो मंद, रेंगाळणारा दाह, ज्यात रोगप्रतिकारक पेशी सायटोकाइन नावाची निरोप्या द्रव्ये सोडत राहतात आणि मेंदूतील मायक्रोग्लिया या राखणदार पेशी विनाकारण सावध राहतात. याचा वागण्याशी काय संबंध, हे गोठ्यात पाहिलेल्या माणसाला लवकर कळते. आमचा बैल तापाने फणफणला की ढेपेला तोंड लावत नाही, रवंथ थांबवतो, कान पाडून दावणीच्या टोकाला उभा राहतो आणि जोडीच्या बैलाने मान चाटली तरी वळून पाहत नाही. बेंजामिन हार्ट या पशुवैद्यकानेच 1988 मध्ये असे मांडले की, हा नुसता अशक्तपणा नसून रोगाशी लढण्यासाठी शक्ती राखून ठेवण्याची शरीराची रीत आहे. पुढे रॉबर्ट डँट्झर आदी संशोधकांनी दाखवले की, जंतुसंसर्ग नसतानाही केवळ सायटोकाइन टोचल्याने जनावर असेच वागते. अन्नावरची वासना उडणे, कशातच मन न लागणे, माणसे नकोशी होणे ही लक्षणे नैराश्याच्या रुग्णाच्या घरी कोणाला नवी नाहीत.

माणसांतला पुरावा औषधाच्या दुष्परिणामातून मिळाला. हेपटायटिस-सी या काविळीवर पूर्वी इंटरफेरॉन-अल्फा देत. ते स्वतःच एक सायटोकाइन आहे आणि ते घेणाऱ्यांपैकी साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांना काही महिन्यांत नैराश्य आले. दाह वाढला की, अन्नातल्या ज्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून सेरोटोनिन हे मनःस्थितीशी निगडित मेंदूतले द्रव्य तयार होते ते दुसऱ्याच वाटेला वळते आणि त्यातून चेतापेशींना जाचक अशी द्रव्येही निर्माण होतात, हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

तरीही ‘नैराश्य म्हणजे दाह’ असे समीकरण मांडता येत नाही. रक्तातील सीआरपी हे दाहाचे माप लिटरला 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त आढळते ते नैराश्याच्या सुमारे पाव रुग्णांतच. दाह रोखणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध 60 रुग्णांच्या चाचणीत वापरून पाहण्यात आले, त्याचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. एकंदर गटात फरक पडला नाही, ज्यांचे सीआरपी मुळात जास्त होते त्यांच्यातच लाभाचा कल दिसला. माझेच पाहा. मला नैराश्य आले ते चिकुनगुनियानंतर, सांधे अजून धरलेले असताना. त्यामुळे सगळा दोष दाहावर टाकण्याचा मोह मलाही होतो. पण त्याच हंगामात काढणीच्या तोंडावर पाऊस येऊन सोयाबीन वावरातच काळे पडले होते आणि बँकेचा हप्ता थकला होता. यातले किती दाहाचे आणि किती हप्त्याचे, हे कोणत्या रक्तचाचणीने वेगळे काढावे?

आता कचऱ्याविषयी. पेशी आपले मोडके भाग एका पिशवीत गुंडाळून लायसोसोम या पेशीतल्या पाचक पिशवीकडे नेते आणि तेथे ते विरघळवून पुन्हा वापरते. या ऑटोफॅजीवरील संशोधनासाठी योशिनोरी ओसुमी यांना 2016 चे नोबेल मिळाले. चेतापेशी बहुधा विभागत नाहीत, त्यामुळे त्यांना हा कचरा नव्या पेशींत वाटून टाकता येत नाही. रोजचा रोज काढावाच लागतो. झिजलेल्या तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया) तशाच पडून राहिल्या की त्यांतून गळणारी द्रव्ये पेशीतली धोक्याची घंटा वाजवतात आणि इंटरल्यूकिन-1 बीटा हे दाहक द्रव्य बाहेर पडते. दाह आणि सफाई यांचा सांधा येथे जुळतो. परंतु हे बहुतांशी पेशींवरील आणि उंदरांवरील प्रयोगांतून कळलेले आहे. झोपेत मेंदू धुऊन निघतो, हा 2013 चा गाजलेला निष्कर्षही उंदरांवरचाच, आणि 2024 मध्ये लंडनच्या संशोधकांना उंदरांतच त्याच्या उलट आढळले.

ओसुमींनी उपाशी ठेवले होते ते यीस्टला. उपाशी यीस्टमध्ये ऑटोफॅजी वाढते, एवढ्यावरून चतुर्थीच्या उपवासाने भावाच्या मेंदूची सफाई होईल असे निघत नाही. तशी ती झाली की नाही, हे जिवंत माणसात तपासण्याची सोयही दवाखान्यात नाही. गंमत अशी की, फ्लुओक्सेटिन आणि अमिट्रिप्टिलिन ही नैराश्याची औषधेच प्रयोगांत ऑटोफॅजी वाढवताना दिसली आहेत, म्हणजे व्हिडिओवाल्याच्याच तर्काने गोळी चालू ठेवायला हवी. एस्सिटालोप्राम एकाएकी सोडल्यास चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके आणि चिडचिड होते. मी सुगीच्या घाईत चार दिवस गोळ्या आणल्या नाहीत, तेव्हा बांधावरून चालताना दोनदा तोल गेला होता. भावाला लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषधही चालू असेल, तर पाणी न पिता केलेल्या उपवासाने त्याचे रक्तातील प्रमाण धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकते.

सहा महिन्यांत पुरेसा फरक नसेल, तर डॉक्टरांना गोळीच्या मात्रेविषयी, समुपदेशनाविषयी आणि थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 या तपासण्यांविषयी विचारा. अंगात मुरलेला संसर्ग, मधुमेह किंवा संधिवात असेल तर त्याचाही उपचार करून घ्या. भाऊ जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा, त्याला एकटे सोडू नका; टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर रात्रीसुद्धा मोफत बोलता येते. तपासणीला जाताना चिठ्ठीबरोबर गोळ्यांची पाकिटेही न्या, म्हणजे किती गोळ्या खरोखर घेतल्या गेल्या हे डॉक्टरांना मोजता येईल.