बारावीच्या रिव्हिजनच्या काळात मुलाला रोज खेळायला सोडावं का, की परीक्षा होईपर्यंत सगळं बंद करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सायन्सला आहे, फेब्रुवारीत बोर्ड, मेमध्ये नीट, आणि तो रोज संध्याकाळी तासभर ग्राउंडवर जातो. त्याच्या काकांचं म्हणणं आहे की तीन महिने सगळं बंद कर, मग आयुष्यभर खेळ. प्रश्न तुमचा असला तरी मी लिहितोय ते या काकांमुळे. काका मंडळींशी माझा जुना हिशेब आहे.

सोडा. रोज सोडा. काकांना त्यांच्या घरी पाठवा.

मी 2011 ला लातूरला बारावी केली. लातूर पॅटर्न म्हणजे काय हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको, पण बाहेरच्यांना वाटतं की तिथली पोरं बाथरूमलासुद्धा पुस्तक घेऊन जातात. तसं नसतं. पोर्शन दिवाळीच्या आसपास उरकलेला असतो. त्यानंतर फक्त रिव्हिजन आणि टेस्ट, रिव्हिजन आणि टेस्ट. तोच धडा तिसऱ्यांदा उघडला की सगळं येतंय असं वाटतं आणि टेस्टला बसलं की काहीच येत नाही. या दिवसांत खरा वैरी आळस नसतो, कंटाळा असतो. आळशी पोरगं निदान झोप तरी पूर्ण करतं. कंटाळलेलं पोरगं पुस्तक उघडं ठेवून दोन तास एकाच पानाकडे बघत बसतं, आणि आई-वडिलांना वाटतं, चाललाय अभ्यास.

आम्ही औसा रोडला एका खोलीत तिघं राहायचो. तीन कॉट, एक टेबल, एक पंखा, घरमालकाच्या सतरा सूचना. टीव्ही अर्थातच नव्हता. आमची सगळ्यात मोठी करमणूक म्हणजे बसस्टँडवर डबा आणायला जाणं. ज्यांनी अशी वर्षं काढलीत त्यांना कळेल. सकाळच्या एस.टी.नं गावाकडून डबा यायचा, ओळखीच्या कंडक्टरजवळ दिलेला. आमच्या डब्याच्या कडीला आईनं लाल चिंधी बांधलेली असायची, कारण त्या गाडीत एकसारखे डबे बरेच असायचे. गाडी कधीच वेळेवर येत नसे आणि आमची तीच इच्छा असायची. अर्धा-पाऊण तास फलाटावर उभं राहायचं, तालुक्यातल्या इतर गावांची पोरं भेटायची, कुणाचं अकाउंट अजून बाकी आहे, कुणाच्या क्लासनं कुठला प्रश्न पक्का सांगितलाय, कुणाच्या डब्यात धपाटे आहेत, याच्या चौकशा व्हायच्या. परतताना गंजगोलाईला वळसा. तिथे सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यामुळे 'रस्ता चुकलो' ही सबब कायम हाताशी असायची.

दुसरी जागा सलून. तिथे टीव्ही होता आणि त्या वर्षी वर्ल्ड कप ऐन बोर्डाच्या तोंडावर आला होता. भारत-इंग्लंड मॅच रविवारी होती, 27 फेब्रुवारीला. सचिननं 120 मारले, मग स्ट्रॉसनं 158, आणि दोन्ही टीमचे 338 होऊन मॅच टाय झाली. मी कटिंगला म्हणून गेलो होतो. माझा नंबर आला की मागच्याला म्हणायचो, "काका, तुम्ही बसा, मला घाई नाही." दुकानदाराला सगळं कळत होतं. शेवटी कात्री ठेवून तोही बघत बसला. कटिंग राहिलीच. त्या रात्री खोलीवर जाऊन मी इतका टक्क जागा होतो की केमिस्ट्रीचा एक अख्खा धडा हातावेगळा केला. हे मी पुरावा म्हणून सांगतोय असं समजा.

आता खरी गोष्ट.

लातूरला सिद्धेश्वराची यात्रा महाशिवरात्रीला सुरू होते आणि पुढे बरेच दिवस चालते. म्हणजे दर वर्षी ती बारावीच्या पेपरांच्या आजूबाजूलाच पडते. देवानं आणि बोर्डानं मिळून असं का ठरवलं माहीत नाही. आकाशपाळण्याचे दिवे रात्री लांबून दिसायचे आणि लाउडस्पीकरवर हरवलेल्या लेकरांची नावं ऐकू यायची. बायोलॉजीच्या आधी मधे सुट्टी होती. दोन वेळा रिव्हिजन झालेली, डोकं पार बधिर झालेलं. दुपारी आम्ही तिघांनी पुस्तकं मिटली आणि निघालो.

पाळण्यात बसलो, मौत का कुआ बघितला, आणि मग जनावरं बघायला गेलो, कारण आम्ही तिघंही शेतकऱ्याची पोरं. देवणीची जनावरं होती. देवणीत तीन तऱ्हा असतात. वानेरा पांढरा पण तोंडाला काळा, बालंक्याला खाली पोटाकडे काळे ठिपके, आणि शेवेऱ्याच्या अंगभर वेडेवाकडे काळे डाग. एका म्हाताऱ्यानं हे आम्हाला वळूच्या पाठीवर हात ठेवून समजावून सांगितलं. त्या दिवशी सकाळी मी कुठला धडा वाचला होता ते आज आठवत नाही, पण त्या वळूचं वशिंड आठवतं. (आता मी पशुवैद्यक आहे, म्हणून कुणी कमेंटमध्ये 'तिथेच बीज पडलं' वगैरे लिहू नका. उदगीरच्या व्हेटर्नरी कॉलेजला मी मार्कांमुळे गेलो, वळूमुळे नाही.)

तिथून हलगी ऐकू आली म्हणून कुस्त्यांच्या फडाकडे गेलो. आणि फडाच्या अगदी पहिल्या रांगेत, डोक्याला टॉवेल गुंडाळून, एका पैलवानाला "घिस्सा मार, घिस्सा!" म्हणून ओरडणारे माझे चुलते. तात्या.

आमची नजरानजर झाली. तात्यांनी टॉवेल काढला.

"काय करूलालास रं हितं? पेपर हाय न्हवं?"

"परवा हाय," मी म्हणालो. "तुमी?"

"मी आडतीवर आलतो. तुरीची पट्टी घ्यायला."

आडत बाजार कुठे आणि सिद्धेश्वराचं मैदान कुठे! पट्टी, म्हणजे विकलेल्या तुरीचे पैसे, सकाळीच खिशात आली असणार आणि आता दुपारचे चार वाजले होते. मी काही बोललो नाही. तात्यांनी आम्हा तिघांना भजी खाऊ घातली, वर मला पन्नास रुपये दिले आणि म्हणाले, "अभ्यास कर लेकरा." मला वाटलं, मिटलं. आपण त्यांचं सांगायचं नाही, त्यांनी आपलं सांगायचं नाही.

त्याच रात्री त्यांनी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सगळं सांगितलं. स्वतः कुठे बसले होते तेवढं सोडून.

त्याचा परिणाम असा की शेवटचा पेपर झाल्या झाल्या दादा लातूरला आले, माझी वळकटी बांधली आणि सीईटीसाठी मला गावी घेऊन गेले. तेव्हा नीट नव्हती, मेडिकलचं सगळं मेमधल्या सीईटीवर. खोलीवरची बाकी दोन पोरं तिथेच थांबली, क्रॅश कोर्स करत, डबे आणत. मला माळवदावरची, म्हणजे मातीच्या सपाट छतावरची, खोली दिली. खाली उतरायचं ते जेवायला. मोबाईल काढून घेतला, तोही साधाच, गाणी भरलेलं मेमरी कार्ड असलेला. मराठवाड्यातला एप्रिल, वर माळवद, दिवसाचं भारनियमन. आणि दर दोन तासांनी कुणीतरी जिन्यात येऊन ऐकायचं, आत पानं उलटतायत का. मी पानं उलटायचो. तेवढं मला छान जमायला लागलं होतं.

2 एप्रिलला फायनल, वानखेडेवर, श्रीलंकेशी. गावात त्या संध्याकाळी लाईट होती, हाच खरं तर चमत्कार. तात्यांच्या वाड्यात टीव्ही, अर्धं गाव अंगणात. आणि तात्या मला जिन्यातून हाक मारून म्हणाले, "दार लावून घे रं, आवाजानं अभ्यास व्हायचा न्हाई."

मी दार लावलं आणि खिडकीला कान लावून बसलो. पूर्ण मॅच मी आरडाओरड्यावरून बघितली. पहिल्याच ओव्हरला अंगण एकदम गप्प झालं, मी ओळखलं सेहवाग गेला. दुसऱ्याच चेंडूवर गेला होता, ते नंतर कळलं. थोड्या वेळानं त्याहून मोठी शांतता पसरली, ती फक्त सचिनचीच असू शकते. मग बराच वेळ नुसती कुजबुज, अधूनमधून टाळ्या. तो गंभीर खेळत होता, 97 वर गेला बिचारा. शेवटी फटाके वाजले तेव्हा पुस्तकाचं जे पान संध्याकाळी उघडलं होतं तेच समोर होतं.

तात्यांना मी आजवर हेच समजावत आलोय. मॅच बघितली असती तरी ती संध्याकाळ गेलीच असती, पण निदान संध्याकाळच गेली असती. न बघितल्यामुळे पुढचे कितीतरी दिवस गेले. प्रत्येक पोरगं प्रत्येक बॉल सांगायचं आणि मी रागानं धुमसत बसायचो. अडवलेल्या मजेला वेळ जास्त लागतो. तुमच्या मुलाचा ग्राउंडवरचा तास बंद केलात तर तो तास अभ्यासाला लागणार नाही. तो तासभर तुमच्यावर चिडून बसेल आणि मग तो राग पुढचा तासही खाईल.

निकाल सांगतो. बोर्डाला बायोलॉजीत, म्हणजे यात्रेनंतरच्या पेपरात, 91. सीईटीला 200 पैकी 131. ओपनमधून एमबीबीएसचं नावसुद्धा काढायला नको. तात्यांच्या मते त्या यात्रेनंच माझी मेडिकलची सीट घालवली. यात्रा झाल्यावर बोर्डात मार्क पडले आणि कोंडून घातल्यावर सीईटीत गेले, हा साधा क्रम त्यांना पटत नाही. दर दिवाळीला हा विषय निघतो. घरातली बाकीची माणसं हळूच उठून जातात. आणि रात्री-अपरात्री म्हैस अडली की फोन मात्र मलाच येतो, "डाक्टर, लवकर या." तेव्हा यात्रेचा विषय निघत नाही.

असो. तुमचा प्रश्न.

खेळायची वेळ ठरलेली ठेवा आणि ती कधीच कापू नका, टेस्टमध्ये कमी पडले तरी. शिक्षा म्हणून खेळ बंद केला की पोरगं टेस्टचे मार्क लपवायला शिकतं. कमी पडले तर कुठल्या प्रश्नाला गेले ते त्याच्याबरोबर बसून बघा. खेळाचा त्याच्याशी संबंध नाही. बोर्डाचा पेपर सकाळी अकराला असतो, त्यामुळे जानेवारीपासून निदान आठवड्यातून एकदा त्याच वेळेला घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवायला बसवा, म्हणजे त्या वेळेला डोकं चालायची सवय होईल. पहाटे चारला उठवण्याचा हट्ट सोडा. तो आपल्या पिढीचा शौक आहे, त्यानं फक्त दुपारी डुलक्या येतात. आणि जिन्यात उभं राहून कानोसा घेऊ नका, आत सगळं ऐकू येतं.

मोबाईलबद्दल विचारलंत, त्यावर माझं मत ऐकू नका. आमच्याकडे होता तो साधा फोन. तुमच्या मुलाच्या हातात काय आहे ते मला माझ्या भाच्याकडे बघून थोडंफार कळतं, आणि ते बसस्टँडवर डबा आणायला जाण्यासारखं नाही एवढं नक्की. बसस्टँडवरून माणूस परत येतो. रात्री फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायला सांगा, आणि स्वतःचाही तिथेच लावा, नाहीतर तो ऐकणार नाही.

हेही खरं की एका पोराच्या मार्कांवरून काही सिद्ध होत नाही. माझ्याच खोलीवरचा एक जण यात्रेला आला होता, क्रॅश कोर्सलाही थांबला, तरी त्याचं माझ्याहून कमी आलं. दुसरा आज बीडला डॉक्टर आहे, आणि तो तर रोजच कुठेतरी भटकत असायचा. सीईटीचा पेपरही बोर्डापेक्षा वेगळा असतो, हे तात्या म्हणतात ते बरोबर आहे, मी त्यांच्यासमोर कबूल करत नाही इतकंच. ज्या मुलाचा पोर्शनच झालेला नाही त्याला मी हे सगळं सांगणार नाही. त्यानं आधी पोर्शन संपवावा.

आणि पेपरच्या आदल्या दिवशी मात्र कुठे पाठवू नका. घरचं खाणं, लवकर झोप, हॉल तिकीट पाऊचमध्ये आहे का ते बघणं, बस. आमचा तो बीडचा डॉक्टर यात्रेहून आल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकटाच गेला, भेळ खाऊन पाळण्यात बसला, आणि बायोलॉजीचा पेपर त्यानं दोनदा वर्गाबाहेर पळत पळत लिहिला. पर्यवेक्षक प्रत्येक वेळी शिपायाला त्याच्यामागे पाठवत होते, कॉपीच्या संशयानं.