पीएच.डी.च्या अर्जात ‘रस’ लिहिताना

तुझा मसुदा वाचला. ‘प्रॉडक्ट डेव्हलपमेंट आणि सप्लाय चेन मॅनेजमेंटमध्ये रस आहे’ असं लिहिलंयस. अरे, हे ‘मला जेवणात रस आहे’ म्हटल्यासारखं झालं! मीही पूर्वी हेच लिहिलं होतं, गाइडने कागद तसाच परत केला.

या दोन विषयांचा सांधा शोध. ह्युलेट-पॅकार्डच्या डेस्कजेट प्रिंटरचं उदाहरण मुळातून वाच. प्रिंटर अमेरिकेतल्या व्हँकुव्हरला (वॉशिंग्टन राज्यातलं, कॅनडातलं नव्हे; मी बरेच दिवस हा घोळ घातला होता) बनायचे आणि बोटीने युरोपात पोचायला जवळपास महिना लागायचा. देशागणिक वीजपुरवठा वेगळा, मॅन्युअलची भाषा वेगळी. म्हणून एका देशाचा माल गोदामात पडून, दुसऱ्याचा संपलेला. यावर उपाय निघाला डिझाइनमधून. प्रिंटर सगळीकडे एकच पाठवायचा आणि पॉवर सप्लाय व मॅन्युअल युरोपातल्या गोदामात खोक्यात घालायचं. तेवढ्याने कमी साठ्यात काम भागलं.

आता तुझा प्रश्न असा विचार: उत्पादनातला कोणता निर्णय शेवटपर्यंत लांबवता येतो आणि त्यासाठी डिझाइनवर किती जास्त खर्च परवडतो? कोणत्या प्रकारच्या मालाला कशी सप्लाय चेन हवी, यावरचा मार्शल फिशर यांचा १९९७ चा लेखही बघ, पण त्यातली चौकट जशीच्या तशी उचलू नकोस.

आणि विषय पक्का करण्याआधी डेटा मिळतो का ते पाहा. चाकणच्या कारखान्यांत ओळख असेल तर मॅनेजरच्या आधी स्टोअरवाल्यांशी बोल. कुठला पार्ट वर्षभर धूळ खातोय ते त्यांना तोंडपाठ असतं.