साइटिस (धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या देशोदेशीच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिषदेत सरकारने काय भूमिका घ्यावी, यावर गावातल्या माणसाला मत देता येतं का?

येतं, पण त्यासाठी ठरलेली खिडकी नाही. अमेरिकेत सरकार जाहीर सूचना काढून लोकांची मतं मागवतं. आपल्याकडे कायद्याच्या मसुद्यावर 30 दिवस हरकती घ्यायचं 2014 चं धोरण आहे. परिषदेतल्या भूमिकेला ते लागू नाही. तरी पत्र लिहाच. दिल्लीत पर्यावरण मंत्रालयाचा वन्यजीव विभाग, आणि प्रत आपल्या नागपूरच्या वनभवनात.

लोकांचं म्हणणं पोचलं की फरक पडतो, याचं उदाहरण लाकडाचं आहे. 2016 मध्ये शिसवीची अख्खी प्रजाती, म्हणजे तिच्यातल्या सगळ्या जाती, साइटिसच्या परिशिष्ट 2 मध्ये (परवाना घेऊनच परदेशी व्यापार करता येतो अशी यादी) गेली आणि हस्तकलेची निर्यात अडखळली. कारागीर ओरडले, भारताने बाजू मांडली, आणि 2022 मध्ये पनामातल्या परिषदेत 10 किलोपेक्षा हलक्या वस्तूंना परवान्यातून सूट मिळाली. फक्त शिसम या एका जातीच्या लाकडाच्या हं! आपल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलातली काळी शिसवी वेगळी जात, त्यामुळे पत्रात नुसतं 'शिसम' लिहून मोकळे होऊ नका.

वेळ महत्त्वाची. प्रस्ताव परिषदेच्या 150 दिवस आधी द्यावे लागतात, म्हणजे पत्र त्याच्याही बरंच आधी हवं. वाघ, खवल्या मांजर आधीच परिशिष्ट 1 मध्ये (परदेशी व्यापारी खरेदी-विक्रीला बंदी असलेली यादी) आहेत, 'व्यापार बंद करा' लिहून उपयोग नाही. त्यापेक्षा तुमच्या शिवारात काय दिसतं ते लिहा: खवल्याची बिळं कुठे, किती वर्षांपासून रिकामी. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा, सरपंचाच्या सहीचा. आणि पोचपावती जपून ठेवा.